रेवतीचं राहिलेलं सोनं

आज दसरा होता आणि रेवती राजाभाऊंकडे सोनं द्यायला गेली नाही.

म्हटलं तर एवढीशी गोष्ट, पण ती डोक्यातून जात नाही, म्हणून उठून लिहायला बसले आहे. मुलगी शेजारच्या खोलीत झोपली आहे, किंवा झोपल्याचं सोंग करते आहे. ते तिला लहानपणापासून नीट जमत नाही. खरी झोपलेली रेवती एका कुशीवर वळून हात उशीखाली घालते, आणि सोंग करणारी रेवती पांघरूण गळ्यापर्यंत ओढून सरळसोट पडते. मघाशी डोकावले तेव्हा ती सरळ पडली होती.

फरीदाबादेत आपटा शोधायला निघालं तर दिवस जातो. इथली मराठी माणसं कचनारची पानं घेतात. तशीच दुभंगलेली, जरा मोठी, आणि सेक्टरच्या बागेत एखादं झाड असतंच. दर दसऱ्याला रेवती ती तोडून आणते आणि पहिलं पान राजाभाऊंना देते. आधी त्यांच्या पाया पडायचं, मग घरी येऊन आमच्या. हरीशने, म्हणजे तिच्या बाबांनी, एकदा विचारलं होतं, "आम्ही दुसऱ्या नंबरवर का?" तर म्हणाली, "तुम्ही कुठे पळून जाताय?" यंदा तिने पानं आणली, धुतली, पुसली, वाटीत ठेवली. ती वाटी अजून फ्रिजमध्ये दह्याशेजारी आहे.

रेवती काय काम करते हे मला सांगता येतं, पण ऐकणाऱ्याला ते पटत नाही. नोएडात एक प्रयोगशाळा आहे. कारखान्यांत, पाण्याच्या पंपांवर, बॉयलरवर, शीतगृहांत छोटे संगणक बसवलेले असतात. मोटर कधी सुरू करायची, झडप कधी बंद करायची, हे ते ठरवतात. त्यांना कंट्रोलर म्हणतात. आमच्या घरात त्याला डबा म्हणतात. बाहेरचा कुणी नेटवर्कमधून आत शिरून डब्याला भलतंच काही करायला लावू शकेल का, हे रेवती आणि तिचे सहकारी तपासतात. सगळ्या कसोट्या पार पडल्या तर डब्याला सायबर सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळतं. ते नसेल तर हल्ली मोठी गिऱ्हाइकं डब्याकडे बघतसुद्धा नाहीत.

थोडक्यात, माझी मुलगी दिवसभर यंत्रांना छळते आणि त्याचा पगार घेते. एखादा डबा नवीन प्रोग्रॅम भरून घेत असतो, तेवढ्यात ती त्याची वीजच तोडते आणि तो शुद्धीवर येतो का ते बघते. त्याच्यावर उलटसुलट संदेशांचा मारा करते. खोटी सही केलेला प्रोग्रॅम त्याच्या गळी उतरवायचा प्रयत्न करते. शेवटी स्क्रू काढून पोटात बघते, बनवणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी आत शिरता येईल अशी एखादी पिन उघडी ठेवली आहे का.

एका स्थळाकडच्या बाईंनी फोनवर विचारलं, "मुलगी नक्की करते काय?" मी गडबडीत सांगून बसले, "यंत्रं मोडते." मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे भंगारचा व्यवसाय आहे का?" रेवतीला हे इतकं आवडलं की तिने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. तिचा सहकारी पुष्कर तेव्हापासून तिला "क्या हाल है, कबाडीवाली?" असं विचारतो. ते स्थळ अर्थातच पुढे गेलं नाही.

घरातही तिची तपासणी चालू असते. मावशीने प्रेमाने दिलेला मोबाइलवरून चालणारा बल्ब तिने काढून ठेवला. "आई, हा बल्ब रात्रभर कुणाशी तरी बोलतो आणि कुणाशी ते मला कळत नाही," म्हणाली. आमच्या वायफायचा पासवर्ड म्हणजे एक आख्खं वाक्य आहे, आणि तो भरताना हरीश प्रत्येक वेळी मधेच कुठेतरी चुकतो. दिल्लीच्या मंत्रालयात इतकी वर्षं फायली सांभाळलेला माणूस स्वतःच्याच घराच्या दाराशी अडकतो. डॉक्टरकडे गेलो की ही माझ्या रिपोर्टकडे बघत नाही. मशीनच्या मागे कोणती वायर कुठे गेली आहे ते बघते. मी रागावले की म्हणते, "काळजी करायचं मी तुझ्याकडूनच शिकलेय. मी फक्त यंत्रांची करते."

यंत्रांची माया मात्र तिला राजाभाऊंनी लावली.

राजाभाऊ इचलकरंजीचे. डिप्लोमा करून नोकरीसाठी फरीदाबादला आले आणि काही वर्षांतच नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप काढलं. मुलगा एकटा परक्या गावात काय खाईल म्हणून त्यांची आई, सुमतीआजी, पाठोपाठ आल्या. त्यांनी आसपासच्या मुलांना डबे करून घातले, वर्कशॉपचं भाडं त्यातून निघायचं. राजाभाऊंनी बनवलेला पहिला कंट्रोलर आजींच्या जेवणाच्या डब्याएवढा होता आणि त्याची पेटीही तसलीच चकचकीत होती. तेव्हापासून तो डबा. आता दोन शेड आहेत, कामाला माणसं आहेत, पण राजाभाऊ अजून प्रत्येक डबा हातात घेऊन कानाशी हलवून बघतात. आत काही सुटं वाजतंय का.

आम्ही दिल्लीतलं सरकारी घर सोडून फरीदाबादला राहायला आलो तेव्हा रेवती पहाडगंजची मराठी शाळा सुटली म्हणून रुसलेली होती. नव्या शाळेत कुणाशी बोलेना. गणेशोत्सवात राजाभाऊंनी तिला दिव्यांच्या माळांपाशी बसलेलं पाहिलं. एक माळ बंद पडली होती आणि ही कुठला बल्ब गेलाय ते शोधत होती. "वहिनी, ही पोरगी सुट्टीत माझ्याकडे पाठवा," म्हणाले. सुट्टीभर ती त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून सोल्डरिंग शिकली. घरी आली की केसांना राळेचा वास यायचा. बोट भाजलं की रडत माझ्याकडे यायची नाही, हेमाताईंकडे जायची. हेमाताई म्हणजे राजाभाऊंच्या पत्नी, हेमलता. त्या बोटाला तूप लावायच्या आणि नवऱ्याला ओरडायच्या. तिला पुढे इंजिनिअर व्हायचंय हे तिने आम्हाला सांगायच्या आधी राजाकाकांना सांगितलं होतं.

आणि आता राजाकाकांचा नवा डबा तिच्या लॅबमध्ये गेला आहे.

पावसाळ्यात तो आला. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर हे डबे बसवायचं मोठं काम राजाभाऊंना मिळण्यासारखं आहे, पण प्रमाणपत्र हवं. अर्ज आला त्याच दिवशी रेवतीने तिच्या सरांना सांगितलं की ही माणसं माझ्या घरची आहेत, मला यातून बाहेर ठेवा. सरांनी तो डबा पुष्करकडे दिला आणि तिच्याकडून लिहून घेतलं की काम चालू असेपर्यंत ती त्या डब्याबद्दल राजाभाऊंशी बोलणार नाही. तिने ते तंतोतंत पाळलं. राजाभाऊंच्या घरी विषय निघाला की ही उठून स्वयंपाकघरात जायची. हेमाताई मला म्हणायच्या, "किती करते हो कामाला तुमची मुलगी!" मी हसून घ्यायचे.

कालपर्यंत सगळं ठीक होतं. म्हणजे खंडेनवमीपर्यंत.

खंडेनवमीला राजाभाऊंच्या वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा असते. पकडी, सोल्डरिंगच्या गन, ड्रिल, तपासणीची मीटरं, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडतात. त्या वर्षीचा नवा डबा मधोमध, त्याला झेंडूची माळ. सेक्टरातली चार-पाच मराठी घरं आणि सगळे कामगार, शेडमध्येच सतरंज्या घालून पंगत बसते. पूजा झाली की हळदकुंकू लावायचं काम रेवतीचं. ते स्टुलावर बसायच्या वयापासून तिचंच आहे. यंदाही तिने लावलं. नव्या डब्यापाशी आली तेव्हा तिने कुंकवाचं बोट अगदी अलगद टेकवलं आणि राजाभाऊ म्हणाले, "जपून गं, तुझी माणसं म्हणतील आत काहीतरी घुसवलं." सगळे हसले. तीही हसली. हेमाताईंनी जाहीर करून टाकलं की पुढच्या आठवड्यात प्रमाणपत्र हातात येतंय, तेव्हा पेढे वेगळे.

श्रीखंड-पुरीचं पान वाढून झालं आणि राजाभाऊंचा फोन वाजला. हात खरकटा, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला.

"साहब, श्याम बोल रहा हूँ, कोल्ड स्टोर से." हा कर्नालकडच्या बटाट्यांच्या शीतगृहातला ऑपरेटर. "डिब्बा लॉक हो गया. नए आदमी ने गलत पासवर्ड डाल दिया. कंप्रेसर बंद है, साहब."

"मालिक को फोन किया?"

"मालिक मेले में हैं. उठा ही नहीं रहे."

"अच्छा, घबरा मत. खाना खाया?"

"कहाँ साहब!"

"चल, पहले इसको चालू करते हैं. सर्विस वाला पन्ना खोल. खुला? अब पासवर्ड लिख. सुमती. एस बड़ा वाला, सूरत का एस. उसके बाद उन्नीस सौ इक्यानवे. सब साथ में, बीच में जगह नहीं."

सगळी पंगत पुऱ्या हातात धरून ऐकत होती. फोनमधून आधी काहीच नाही, मग लांबून घरघर सुरू झाली. कंप्रेसर! "चल पड़ा साहब!" श्याम ओरडला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मीही वाजवल्या.

"बाबा, काय हे!" राजाभाऊंची मुलगी तनया म्हणाली. "घरच्या वायफायचा पण हाच आहे. आता सगळ्या सेक्टरला कळला."

"आईचं नाव घेतल्याशिवाय यांचं काही सुरूच होत नाही," हेमाताई पुरी वाढता वाढता म्हणाल्या.

राजाभाऊ खुशीत होते. "अगं, सगळ्या डब्यांत आई बसलीये. कुठंही अडलं की तिला हाक मारायची."

तेव्हा रेवतीने विचारलं. तिने विचारायला नको होतं, तिला ते माहीत होतं, पण ते तोंडातून निघून गेलं. "काका, नव्यातपण?"

"नव्यातपण म्हणजे काय! नवा डबा बिनआईचा सोडू होय?"

परत हशा झाला. मी रेवतीसमोरच बसले होते. तिचा हात पानावर होता तिथेच थांबला. मग तिने वाटीतलं श्रीखंड चमच्याने एका बाजूला सारलं, परत दुसऱ्या बाजूला सारलं, आणि हात धुवायला उठली. हेमाताई म्हणाल्या, "हे काय, पान तसंच?" तर म्हणाली, "काकू, पोट भरलं." श्रीखंड टाकून उठणारी रेवती मी आजवर पाहिली नव्हती.

राजाभाऊंनी ही किल्ली का ठेवली हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. फार पूर्वी एका हिवाळ्यात असं धुकं पडलं होतं की रस्ता दिसेना. दूध थंड करणाऱ्या एका छोट्या डेअरीतला डबा अडकला आणि राजाभाऊ वाटेतच खोळंबले. पोचेपर्यंत सगळं दूध नासलं होतं. डेअरीवाला काही बोलला नाही, त्यांना चहा दिला. तो चहा राजाभाऊंना अजून आठवतो. तेव्हापासून प्रत्येक डब्यात त्यांनी स्वतःसाठी एक दार ठेवलं, फोनवरून उघडता येईल असं. आणि त्याला एकच किल्ली, कारण अडचणीच्या वेळी कुठल्या डब्याची कुठली किल्ली हे शोधत कोण बसणार?

आज दुपारी सोनं द्यायची वेळ टळून गेली तेव्हा मी तिच्या खोलीत गेले.

"जाऊन ये ना गं. हेमाताईंनी दोनदा विचारलं."

"नको, आई."

"भांडलीस का कुणाशी?"

"नाही."

"मग?"

"आज त्यांच्या पाया पडायचं आणि उद्या सकाळी सरांकडे जाऊन त्यांच्याबद्दल सांगायचं, हे मला नाही जमणार."

मी पलंगावर बसले. "अगं, पण तो डबा तर पुष्करकडे आहे. तुझा काय संबंध?"

"पुष्करला सापडलं नाही म्हणून तर प्रमाणपत्र येतंय ना? लपवलेलं दार ठोकून सापडतंच असं नाही. मला सापडलं नाही, माझ्या पानात वाढलं कुणीतरी." ती भिंतीकडे बघून बोलत होती. "आई, आपल्या सोसायटीच्या सगळ्या फ्लॅटना एकच किल्ली असती तर? आणि प्लंबर ती किल्ली कशी बनवायची ते फोनवर ओरडून सांगत असता तर? घरमालकांना त्या किल्लीचा पत्ताच नाही. तो डबा पाण्यावर बसणार आहे, आई. लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर. श्यामला किल्ली माहीत आहे, त्या नव्या माणसाला आहे, पंगतीतल्या सगळ्यांना आहे. तुलासुद्धा आहे."

खरंच की. मला येतो तो पासवर्ड. आमच्या घरच्या वायफायचा येत नाही, तो येतो.

"राजाभाऊंना लॅबने हे विचारलं नसेल का?"

"प्रत्येकाला विचारतात. मालकाला न दिसणारं खातं, म्हणजे लपवलेलं दार, आत आहे का? त्यांनी 'नाही' म्हटलं असणार, नाहीतर गोष्ट इथवर आलीच नसती."

"म्हणजे ते खोटं बोलले?"

"नाही गं!" ती एकदम उठून बसली. "त्यांना ते खातं वाटतच नाही. त्यांना ती आजी वाटते." आणि हे म्हणताना तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. एवढी मोठी मुलगी, पण पाठ अजून तश्शीच काटकुळी.

"मग त्यांना फोन कर. सांग, काका, असं असं आहे."

"मी लिहून दिलंय, आई. मी त्यांच्याशी बोलू शकत नाही. पंगतीत विचारलं तेच चुकलं, तेही उद्या सरांना सांगणार आहे."

"आणि त्यांनी आपणहून लॅबला सांगितलं तर?"

"तर वेगळं. तर ती त्यांच्याकडून राहून गेलेली गोष्ट. दार बंद करा, परत आणा, परत तपासू. उशीर होईल, पण होईल. मी सांगितलं तर लपवलं असं धरतील. मग नुसता डबा नाही, त्यांची सगळी कामाची पद्धतच उकरून बघतील. आणि काका म्हणतील…" काका काय म्हणतील ते मला कळलं. माझ्या पंक्तीला जेवली आणि जाऊन सांगून आली.

"मग मी—"

"माझ्या वतीने तूपण नाही. प्लीज."

संध्याकाळी हरीशला सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला. फायलीवर काही लिहायच्या आधी तो असाच पुसायचा. "जे होईल ते नियमाने होऊ दे, लतिका. तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच बसले होते, पंगतीत."

"तो विनोद झाला."

"विनोद नाही केला मी."

"बरं. मग काय करणार आहेस?"

मी ताटं आवरायला उठले. तो झोपला. हरीशला झोप लागते, कसलीही काळजी असो, पाठ टेकली की लागते. मला या माणसाचा हेवा वाटतो.

रेवती उद्या सरांकडे जाणार, याबद्दल मला शंका नाही. ती जाऊ नये असंही मला वाटत नाही. खरं म्हणजे ती गेली नाही तरच मला जास्त काळजी वाटेल. मग प्रत्येक वेळी नळ सोडला की ती थांबून बघत बसेल. मला छळतंय ते निराळंच. ही मुलगी फार माणसं जोडत नाही. चार माणसं आहेत तिची, आणि त्यातलं पहिलं पान ज्याचं, तो माणूस उद्या दुपारपर्यंत तिच्या हातून निसटेल. आणि ती तोंडातून चकार शब्द काढणार नाही, सकाळी जेवणाचा डबा घेईल, कालकाजीला मेट्रो बदलेल, दिवसभर यंत्रांना छळेल, घरी येऊन म्हणेल, "ठीक आहे, आई."

माझ्या वतीने नको, असं ती म्हणाली. मी मघापासून तेच घोळवते आहे. तिच्या वतीने नाहीच. मला लॅबमधलं काही माहीत नाही. त्या डब्यावर पुष्करने काय काय केलं, सर काय म्हणाले, यातलं अक्षर तिने मला सांगितलेलं नाही. मला माहीत आहे ते राजाभाऊंच्या घरचं जेवण जेवताना, त्यांच्याच आवाजात ऐकलेलं. पंगतीतल्या कुठल्याही बाईला हे त्यांना सांगता आलं असतं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एवढंच.

राजाभाऊ ऐकून गुपचूप किल्ली बदलतील आणि गप्प बसतील, असंही होऊ शकतं का? मी त्याचाही विचार केला. मला नाही वाटत. नासलेल्या दुधावरचा चहा इतकी वर्षं विसरला नाही तो माणूस. आणि तसं झालंच, तरी रेवती जाणारच आहे. माझ्या फोनने तिचं काही थांबत नाही. मी फोन केला हे तिला सकाळी चहाच्या आधी सांगेन. तिला सरांना तेही सांगायचं असेल तर खुशाल सांगू दे. रागावेल माझ्यावर. रागावू दे, मी कुठे पळून जातेय?

राजाभाऊ आधी म्हणतील, "वहिनी, तुम्हाला यातलं काय कळतं?" मी म्हणेन, काही कळत नाही, म्हणूनच सांगते. मला काही कळत नाही आणि तरी मला तुमच्या पंपांची किल्ली पाठ आहे. एस बडा वाला, सूरत का एस. मग मी म्हणेन की राजाभाऊ, रेवतीने मला तुमच्याशी बोलायला सांगितलेलं नाही, उलट नको म्हणाली आहे. पण सकाळी लॅब उघडली की तुम्ही पहिला फोन त्यांना करा आणि डब्यात आई बसलीये हे तुमच्या तोंडाने सांगा. कुणी दुसऱ्याने सांगायच्या आधी. एवढंच म्हणायचं आहे. आणि मग, ते काही बोलले तर, फ्रिजमधल्या वाटीबद्दल.

इतक्या उशिरा कुणाच्या घरी फोन करू नये हे मला समजतं. पण राजाभाऊंचा फोन रात्रीही बंद नसतो. कुठल्यातरी शीतगृहातला, कुठल्यातरी बॉयलरवरचा रात्रपाळीचा माणूस अडला तर त्याला कुणीतरी हवं, म्हणून तो उशाशी असतो आणि पहिल्या रिंगला उचलला जातो. हेमाताई त्यावरून आयुष्यभर कुरकुरल्या आहेत.

रेवतीच्या खोलीत अंधार आहे. आता स्वयंपाकघरात जाते, दार लोटून घेते, आणि राजाभाऊंना फोन लावते.